न सांगायचं दुखणं

भोजराज राखडे काविळीनं गेले तेव्हा घरात तीन बायका उरल्या. बायको शेवंताबाई, थोरली कालिंदी आणि शाळेत जाणारी अनुसया. तेराव्याला आलेले सोयरे जेवून गेले आणि जाताना ‘देव पाहून घेईन’ एवढं बोलून गेले. पण कालिंदीचं बी.ए. झालेलं होतं, हिंदी टायपिंगची परीक्षाही पास होती. भोजराज मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते, त्यांच्या जागी साहेबांनी पोरीला घेतलं. शेवंताबाईला वाटलं, नवरा गेला पण घर तरलं.

त्या कचेरीत कालिंदीच्या आधी कधी बाई नोकरीला नव्हती. तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं, जुना जड टाइपरायटर मिळाला, आणि महिनाभरात तिचं नाव झालं. मोठे बाबू कौतुकानं म्हणायचे, “राखडे मैडम टाइप करती हैं तो लगता है धान पर बारिश हो रही है.” चार कार्बन घालूनही तिचा कागद स्वच्छ निघायचा. साहेबांचं महत्त्वाचं काम दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही.

एकच अडचण होती, आणि ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. कचेरीत बायकांसाठी संडास नव्हता. पुरुषांचा होता, मागच्या भिंतीला लागून, अर्ध्या दाराचा, आणि त्याच्यासमोर चपराशी विडी ओढत बसलेले असायचे. कालिंदी सकाळी घरून निघायची ती संध्याकाळी घरी येईपर्यंत पाणी पीत नसे. एरवी चालून जायचं. पण तिला पाळीत रक्त फार जायचं, पहिल्यापासून. त्या दिवसांत जुन्या लुगड्याच्या घड्यांवर घड्या घेऊन ती खुर्चीत बसायची आणि बसल्या जागेवरून हलायची नाही.

एक दिवस साहेबांनी हाक मारली, ती उठली, आणि मागून कुणीतरी बोलता बोलता थांबलं. तिनं वळून पाहिलं. खुर्चीच्या वेतावर डाग होता. साहेबांच्या खोलीतून ती परत आली तेव्हा चपराशी ओल्या फडक्यानं खुर्ची पुसत होता. मोठे बाबू खिडकीबाहेर बघत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं तिला घरी जाताना रस्ताभर वाटत राहिलं.

त्यानंतर तिनं औषधाच्या दुकानातून पॅड आणून पाहिले. दुकानदार ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून सुतळी बांधून, चोरीचा माल द्यावा तसा द्यायचा. कमरेला पट्टा, त्याला ते अडकवायचं. चार पावलं चाललं की सरकायचं, आणि भरलं की टाकायचं कुठे हा प्रश्न होताच. पर्समध्ये घालून भर बाजारातून घरी आणायचं, आणि आईची नजर चुकवून उकिरड्यात पुरायचं. दोन महिन्यांत तिनं ते सोडलं आणि पुन्हा लुगड्याच्या घड्या घेतल्या.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात अलकनंदा माहेरी आली. कॉलेजात दोघी एका बाकावर बसायच्या. अलकनंदाचे वडील वकील होते, तिला अमेरिकेतला इंजिनिअर नवरा मिळाला होता. दोघी वैनगंगेच्या घाटावर बसल्या होत्या. बोलता बोलता कालिंदीनं खुर्चीची गोष्ट सांगितली. हसत सांगायला गेली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी अलकनंदानं तिला घरी बोलावलं, खोलीचं दार लावलं आणि बॅगेतून एक खोका काढला. कागदात गुंडाळलेल्या, करंगळीएवढ्या कापसाच्या नळ्या होत्या, प्रत्येकीला दोरा.

“हे आत घालायचं. दोरा बाहेर राहतो, ओढलं की निघतं. बसलीस, चाललीस, पळालीस, कळतसुद्धा नाही.”

“आत?” कालिंदीचे कान तापले. “माझं लग्न नाही झालं अलका.”

“त्याचा लग्नाशी काय संबंध? तिकडे शाळेतल्या पोरी वापरतात.” मग अलकनंदानं खोक्यावर बोट ठेवलं. “एक मात्र कर. दर चार-पाच तासांनी बदल. रात्री घालून झोपू नको. तिकडे काही बायका मेल्यात यानं, ताप येऊन. पेपरात आलं होतं.”

कालिंदीनं ते ऐकलं. ऐकलं नाही असं नाही. पण चार-पाच तासांनी बदलायचं तर कचेरीत कुठे बदलायचं? हे तिनं विचारलं नाही, आणि अलकनंदाला सुचलं नाही.

पुढचे महिने तिच्या आयुष्यातले सुखाचे गेले. पांढरट साडी नेसून ती कचेरीत जाऊ लागली. मोठे बाबू बोलावतील तेव्हा उठू लागली. आणि घरात धुवायचं, लपवायचं काही नसल्यानं शेवंताबाईला तिच्या तारखाच कळेनाशा झाल्या. त्या घरात पाळी आली की पोरीनं परसातल्या खोलीत बसायचं, चुलीला, देवाला शिवायचं नाही. थकून आलेल्या कालिंदीला त्या खोलीतल्या पोत्यावर झोपायचा कंटाळा होता. तिनं पाळी आल्याचं सांगितलंच नाही. भाकरी थापल्या, देवापुढे दिवा लावला. पहिल्यांदा देवाची क्षमा मागितली, मग तीही मागितली नाही.

खोका संपला. अलकनंदा तर केव्हाच परत गेली होती. कालिंदीनं औषधाच्या दुकानातून जखमेला लावायच्या कापसाची गुंडाळी आणली, जुन्या मलमलीच्या धोतराची पट्टी फाडली, आणि कापूस घट्ट वळून, वर पट्टी गुंडाळून, दोऱ्यानं बांधून स्वतःच बोळे बनवले. रक्त फार जायचं म्हणून ते अलकनंदाच्या नळीपेक्षा जाड केले. जितका जाड तितका जास्त वेळ टिकेल, एवढाच तिचा हिशेब होता.

पुढच्या वर्षी भोपाळला विधानसभेचं अधिवेशन लागलं. जिल्ह्यावरचे प्रश्न आले की उत्तरं टाइप होऊन तातडीनं जायची. त्या आठवड्यात कचेरी जणू जत्रेतल्या हलवायाचं दुकान झाली होती. नेमकी कालिंदीची पाळी त्याच दिवसांत आली. ती सकाळी बोळा घालून निघाली आणि दिवसभर टाइप करत राहिली. संध्याकाळी घरी आली ती पाठ टेकताच झोपली. सकाळी उशीर झाला म्हणून घाईत साडी बदलून, बोळा न बदलता, तशीच पुन्हा कचेरीत गेली.

दुपारनंतर तिला हुडहुडी भरली. अक्षरं हलायला लागली. मोठ्या बाबूंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मलेरिया है. घर जाइए.” बालाघाटात हिवताप काही नवा नव्हता. तिलाही तेच वाटलं. शेवटचा कागद पुरा करून ती उठली, रिक्षानं घरी आली आणि उंबरठ्यातच ओकली.

मग उलट्या थांबेनात, जुलाब थांबेनात. गल्लीतले डॉक्टर आले, हिवतापाचं इंजेक्शन देऊन गेले. शेजारच्या बायका येऊन बसल्या. कुणी लिंबू उतरवलं, कुणी तळव्यांना कांदा चोळला. कालिंदीचं अंग उन्हात भाजल्यासारखं लाल झालं, डोळे तांबडे झाले. त्या गोंधळात एकदा तिला लख्ख आठवलं. अलकनंदाचा आवाज आठवला. आई उशाशी होती.

“आई, माह्या…” ती म्हणाली.

“काय बाई? पानी पाह्यजे का?”

पायथ्याशी शेजारच्या गोदाबाई बसल्या होत्या, दारात त्यांचा नवरा उभा होता. कालिंदीनं ओठ मिटले. सगळे गेले की सांगू, असं तिनं ठरवलं. पण सगळे जाईपर्यंत ती सांगण्याजोगी राहिली नाही. आईला मावशी म्हणू लागली, बापाला हाका मारू लागली.

शेवंताबाईचा भाऊ दादाजी भरवेलीच्या मॅंगनीजच्या खाणीत मुकादम होता. तो आला, भाचीला पाहिलं, आणि तसाच परत फिरून ओळखीची जीप घेऊन आला. मागच्या भागात गादी टाकली, तिच्यावर कालिंदीला घातलं आणि नागपूरचा रस्ता धरला.

तिथल्या दवाखान्यात एक डॉक्टरीण होत्या. वयानं पोक्त, बोलायला तुटक. त्यांनी नाडी धरली, रक्तदाब घेतला, अंगावरची लाली पाहिली आणि शेवंताबाईला विचारलं, “पाळी चालू आहे का हिची?”

“नाही जी.”

“नक्की?”

“मले माहीत राह्यते ना. नाही.”

“मला हिला आतून तपासायचंय.”

शेवंताबाई पलंगाच्या आडवी उभी राहिली. “नाही. पोरगी कुवारी आहे माही. तिचं लगन व्हायचं आहे.”

“आई, ही पोरगी जगायची आहे आधी.”

“तापाची दवा द्या तुम्ही. तिले हात नोका लावू.”

कालिंदीला हे सगळं विहिरीच्या तळातून ऐकावं तसं ऐकू येत होतं. आईला सांगावंसं वाटत होतं की बाजूला हो. जीभ हलत नव्हती. शेवटी दादाजींनी बहिणीला दंडाला धरून बाहेर नेलं. शेवंताबाई व्हरांड्यात बसून कुणी मेल्यागत रडली. ट्रेमध्ये काहीतरी ओलं पडल्याचा आवाज झाला, आणि नर्सनं नाकाला पदर लावला. एवढं कालिंदीला आठवतं. त्यापुढचं आठवत नाही.

ती जगली. पण रक्तदाब इतका खाली गेला होता की हातापायांच्या टोकांपर्यंत रक्तच पोचलं नव्हतं. बोटं आधी निळी पडली, मग काळी, मग वाळल्या शेंगेसारखी झाली. उजव्या हाताची तीन आणि डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून काढावी लागली. पायाचीही काही गेली. तळहाताची कातडी सापाच्या कातीसारखी सोलून निघाली.

डॉक्टरीणबाई एका दुपारी तिच्याजवळ येऊन बसल्या. शेवंताबाईही होती.

“हे कापसानं झालं नाही, आणि तू काही पाप केलंस म्हणूनही नाही,” त्या म्हणाल्या. “अंगावर जंतू असतातच. आत बोळा फार वेळ राहिला की त्यांचं फावतं, ते विष सोडतात, आणि ते रक्तात जातं. फार थोड्या बायकांना होतं. तुला झालं. आता पुन्हा आत काही घालायचं नाही, कधीच. कापड वापर, पॅड वापर, काहीही चालेल. स्वच्छ पाहिजे आणि वेळेवर बदलायला पाहिजे. आणि पाळीत असा ताप, अशा उलट्या झाल्या, अंग लाल झालं, तर लाजायचं नाही. डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं.”

कालिंदीनं मान हलवली. शेवंताबाईनं हात जोडले.

“डॉक्टरीणबाई, कागदावर हे लिवू नोका जी.”

डॉक्टरीणबाईंनी कागद उचलला. मग उठून गेल्या.

बालाघाटला परत आल्यावर आईनं पहिल्यांदा तिला विचारलं, तेही पाठ करून, तांदूळ निवडता निवडता. “म्हंजे तू त्या दिवसांत देवापाशी जात होती?”

“हौ.”

“चुलीपाशी?”

“हौ, आई.”

शेवंताबाईनं सूप खाली ठेवलं. “मंग देवानं दाखवलंच ना.” त्यावर पुन्हा ती कधी बोलली नाही, आणि तिचं मत पुन्हा कधी बदललंही नाही.

कचेरीत टाइपरायटरवर दुसरा माणूस बसला होता. कालिंदीला टपालाच्या टेबलावर बसवलं. उरलेल्या बोटांनी ती पाकिटांवर शिक्के मारायची. पहिल्या दिवशी सगळे हळहळले. मग चहा आला, तर तिचा पेला वेगळा. माठातलं पाणी घ्यायला ती उठली की चपराशी धावत यायचा, “बैठिए मैडम, हम देते हैं,” आणि वरून ओंजळीत ओतायचा. तिला वाटलं, बोटं नाहीत म्हणून मदत करतोय. एक दिवस नवा बाबू दुसऱ्याला म्हणाला, ती मागे उभी आहे हे न कळून, “कोढ़ है. नागपुर में उंगलियां काटीं.”

ती घरी आली आणि पर्स फेकली. “आई, लोकं मले महारोग झाला म्हणतात. मी उद्या सगळ्यांना सांगून टाकते काय झालं ते.”

शेवंताबाईनं दार लावून घेतलं. “महारोग म्हनतात तं म्हनू दे. रोग आहे तो, कोनालेही होते. पन तू हे बोलली तं लोकं काय म्हनतीन? कुवारी पोरगी आत काय घालत होती? अनुसयेले कोन करीन मंग?”

“आणि महारोग्याच्या बहिणीले करतीन का?”

आईनं कडी नीट बसली का ते पाहिलं. ती तशीच दाराला पाठ लावून उभी राहिली.

उत्तर पुढच्या वर्षी आलं. वारासिवनीच्या एका घरानं अनुसयेला पसंत केलं होतं. मुलगा शाळामास्तर, माणसं साधी. बोलाचाली होऊन सुपारी फोडायचं ठरलं, आणि निरोप आला की सध्या थांबू. का थांबू ते निरोप आणणाऱ्यानं सांगितलं नाही, पण उठताना त्याची नजर कालिंदीच्या हातांवर गेली. अनुसया त्या दिवशी धड जेवली नाही. तिनं ताट कालिंदीपासून थोडं सरकवून ठेवलं.

कालिंदीनं कचेरीतून सुट्टी घेतली आणि कुणालाही न सांगता वारासिवनीची बस धरली. मुलाची आई रुख्माबाई अंगणात वड्या घालत होती. कालिंदीनं हात पदराखालून बाहेर काढले आणि तिच्यासमोर धरले.

“मावशी, मले महारोग नाही. मी सांगायले आली. तुम्ही बाईमाणूस आहा, तुम्हाले समजीन.”

आणि तिनं सगळं सांगितलं. कचेरी, खुर्ची, खोका, बोळा, ताप. मान वर करून, एक शब्द न गिळता. आयुष्यात पहिल्यांदा ती हे सलग बोलत होती. रुख्माबाई ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. कालिंदीला वाटलं, झालं. बाईला बाईचं कळलं.

रुख्माबाईनं पाणी दिलं. पेल्यातूनच दिलं. मग हळूच विचारलं, “मंग… नागपूरच्या डॉक्टरीनीनं आतून काढलं म्हनता?”

“हौ.”

“काय काढलं होतं, बाई?”

प्रश्न पुरा कळायला कालिंदीला थोडा वेळ लागला. तिनं पुन्हा सांगितलं, कापूस. पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितकी रुख्माबाईची मान नको तशी, समजुतीनं हलत गेली. “असू द्या. होते कधी कधी. पोरीची जात. मी कोनाले नाही सांगत.”

तिनं सांगितलं. आठवडाभरात बालाघाटात महारोगाची बोली बंद झाली आणि दुसरीच, पोट पाडल्याची, सुरू झाली. कचेरीतला पेला पुन्हा सगळ्यांसारखा झाला. आता बाबू तिच्याशी हसून बोलू लागले, एक-दोन जण जरा जास्तच हसून. संध्याकाळी कुणी सायकल घेऊन तिच्या मागे मागे येऊ लागलं. मोठे बाबू, जे तिच्या टायपिंगला धानावरचा पाऊस म्हणायचे, त्यांनी तिच्याकडे बघणंच सोडलं.

अनुसयेचं लग्न शेवटी छिंदवाड्याकडच्या एका बिजवराशी झालं, दोन मुलांच्या बापाशी. मांडवात कालिंदीला आतल्या खोलीत बसायला सांगितलं. निरोप घेताना अनुसया सगळ्यांच्या पाया पडली. कालिंदीच्या पायाशी वाकली, पण वर पाहिलं नाही.

“अनू,” कालिंदी म्हणाली, “मी तुह्यासाठीच गेली होती.”

“काहून गेली?” अनुसया म्हणाली. “महारोगच बरा होता.”

त्यानंतर ती माहेरी फारशी आली नाही.

आता घरात दोघीच. शेवंताबाईचे गुडघे गेले, पण कालिंदीची वेणी अजून तीच घालते, कारण उरलेल्या बोटांत पेड धरवत नाही. ब्लाऊजचे हूक तीच लावते. दोघी एकमेकींशी मिठाचं, पिठाचं, नळाचं बोलतात. पाळी अजून येते, तशीच भरून येते. कालिंदी परसातल्या खोलीत जाऊन बसते, पोत्यावर झोपते. तिनं वाद सोडला आहे. कापडाच्या घड्या धुवायच्या तर तिला पिळता येत नाहीत. शेवंताबाईच धुते, नाक मुरडून, साबण लावून.

एकाच गोष्टीवरून मात्र दर महिन्याला खटका उडतो. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातून निघताना बजावलं होतं की कापड उन्हात वाळवायचं, खडखडीत, झाकून नाही. शेवंताबाई दोरीवर घड्या टाकते आणि त्यांच्यावर आपलं लुगडं पसरते, रस्त्यावरून दिसू नये म्हणून.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी कालिंदी परसात आली आणि तिनं ते लुगडं ओढून काढलं. घड्या उन्हात उघड्या पडल्या. शेवंताबाई गुडघ्यावर हात रेटत उठली.

“झाक ते. गोदाबाई पाहून राह्यली.”

“पाहू दे.”

“आता काय राह्यलं आहे झाकायचं, असंच म्हनतेस ना तू?” शेवंताबाईचा आवाज फाटला. “मले माहीत आहे काय नाही राह्यलं ते. तरी झाक.”

आई दोरीपाशी गेली, टाचा उंचावून तिनं लुगडं पुन्हा वर टाकलं आणि दोन्ही टोकं ओढून सारखी केली. कालिंदीनं हात पुढे केला, मग खाली घेतला. लुगड्याखालची सावली घड्यांवर पडली होती. ती खोलीत गेली आणि पोत्यावर, भिंतीकडे तोंड करून, आडवी झाली.